जुलै मंगिनची ओळ

न्यायाधीश ओरडले असते तर बरं झालं असतं, असं एझ्रा मंगिनला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पण ते गृहस्थ मऊ आवाजात बोलले, आणि त्या मऊपणानेच त्याची बहीण ओडेसा मुळासकट उपटली गेली.

नोव्हेंबरातली गोष्ट. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या कोर्टात एझ्रा आपल्या थोरल्या बहिणीच्या मागच्या बाकावर बसला होता. त्याचा सगळा जन्म कायद्यात गेलेला. वॉशिंग्टनच्या कॉलेजात त्याने आयुष्यभर पोरांना राज्यघटना शिकवली, अमेरिकेच्या राजकारणावर आणि कायद्यावर चार जाडजूड पुस्तकं लिहिली, पाचवं लिहायला घेतलं होतं. पण त्या दिवशी तो नुसता भाऊ होता. मंगिनांची जमीन लिलावात जाणार की नाही एवढाच प्रश्न कोर्टापुढे होता, आणि उत्तर काय येणार हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं.

त्यांचा पणजोबा जुलै मंगिन (जुलैत जन्मला म्हणून नाव जुलै) मृत्युपत्र न करताच गेला. त्याची मुलं तशीच गेली, नातवंडंही तशीच. कागद केला की कागद पळवणारा येतो, ही या खाडीकाठच्या वस्तीची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. कागदच नसेल तर नेणारा नेईल काय? त्यामुळे कायद्याच्या लेखी जमीन जुलैच्या झाडून सगळ्या वंशजांची, प्रत्येकाची थोडी थोडी. त्यातल्या डेट्रॉइटच्या एका वंशजाने, ज्याने इथला चिखल कधी पायालाही लावून घेतला नव्हता, आपला वाटा एका बांधकाम कंपनीला विकला. कंपनीने कोर्टात अर्ज टाकला: एवढ्या लोकांत वाटणी होणं शक्य नाही, सगळीच जमीन विकायला काढा. कायद्यात तशी सोय होती. वाईट माणसाची गरजच नव्हती, कायदा पुरेसा होता.

कंपनीच्या वकिलाने जुलैचं खरेदीखत पुढे केलं. गुलामगिरीवरून पेटलेलं यादवी युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी जुलैने ही जमीन, ज्याच्या मळ्यात तो गुलाम होता त्या मळेवाल्याकडून पैसे मोजून घेतली होती.

"कुटुंबातलं कोणी काही बोलणार आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

ओडेसा उठली. वसंतात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ गेली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती फुसफुस, वाळल्या गवतातून वारा जावा तशी. ती बोलायला लागली तसे कारकुनाने टाईप करणं थांबवलं, पंखा बंद केला. सगळं कोर्ट एका म्हाताऱ्या बाईच्या श्वासाकडे कान लावून बसलं.

"साहेब, विकत कशाला घेईल जुलै? ती त्याचीच होती. जाहीरनाम्यातच लिहिलंय." आणि तिने ती ओळ म्हटली, जशी दर नव्या वर्षाच्या दिवशी चर्चमध्ये म्हणायची तशी: "आणि ज्या मातीत यांनी घाम गाळला ती माती यांची, आणि यांच्या लेकराबाळांची, कायमची."

कंपनीचा वकील खाली पाहून हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"बाई," ते म्हणाले, "गुलामांना मुक्त करणारा तो जाहीरनामा मी शाळेत असताना पाठ केला होता. हे वाक्य त्यात नाही हो."

ओडेसाने मागे वळून भावाकडे पाहिलं. बाकी कोणाकडे नाही. एझ्राने नजर खाली घातली.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर जमिनीचा लिलाव झाला.

*

नाताळ उलटल्यावर एझ्रा पुन्हा खाली वस्तीत आला. ओडेसाचं घर चर्चच्या जागेवर होतं म्हणून तेवढं वाचलं होतं. ती मागच्या ओट्यावर नव्या वर्षाच्या भातासाठी चवळी निवडत बसली होती. समोर खाडीचं पाणी ओसरलेलं आणि पलीकडे मंगिनांच्या ओक झाडांना मोजणीवाल्यांनी बांधलेल्या नारिंगी फिती वाऱ्यावर फडफडत होत्या.

"ये प्रोफेसर," ती फुसफुसली. "बस. खडे काढ. तेवढं तरी येतं ना तुला?"

"टिटा, तब्येत कशी आहे?" थोरल्या बहिणीला इकडे टिटाच म्हणतात.

"तब्येत काय, घसा गेला, जमीन गेली, दात मात्र आहेत. देवाने काय ठेवायचं ते बरोबर ठेवलंय." तिने मूठभर चवळी त्याच्यापुढे सारली. "पहिल्या तारखेला वाचायचं तुला आहे. माझ्याने होत नाही. पास्टरला सांगून टाकलंय."

जाहीरनामा लागू झाला तो पहिल्या जानेवारीला, आणि दर वर्षी त्या दिवशी तो वाचण्याचा मान मंगिनांचाच होता. पहिला वाचणारा जुलै. त्याला अक्षर येत नव्हतं. शिपाई घेऊन आलेल्या अधिकाऱ्याने धक्क्यावरच्या झाडाखाली वाचलं, ते त्याने कानाने उचललं आणि काळजात ठेवलं. त्याच्या मागून त्याची मुलगी, मग एझ्राची आई, मग ओडेसा. हातात छापील कागद धरायचा, पण म्हणायचं ते तोंडपाठ. कागदाचा नुसता आदर. एका वर्षी आईच्या हातात तो उलटा होता आणि पुढच्या रांगेतली पोरं हसून हसून बाकाखाली गेली होती. छापलेल्याशी कोणी ताडून पाहिलं नाही. प्रभूची प्रार्थना कोणी ताडून पाहतं का?

"एक विचारते," ओडेसा म्हणाली. "खरं सांग. ती ओळ आहे का नाही?"

खाडीवरून एक बगळा उडाला. एझ्राने हातातला खडा ताटलीबाहेर टाकला.

"नाही," तो म्हणाला.

"तुला कधीपासून माहीत?"

"कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. आईला सांगितलं होतं मी त्या सुट्टीत."

"मग?"

"म्हणाली, छापताना राहिली असेल."

ओडेसा हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग ते हलणं थांबलं तरी खांदे तसेच वर राहिले.

"आणि तुझ्या पुस्तकात? आम्ही आहोत का त्यात?"

"आहात. तळटीपेत."

"म्हणजे कुठे?"

"पानाच्या खाली. बारीक अक्षरात."

"अस्सं. तिथेही तळालाच." तिने एक खडा नखाने उडवला. "काय लिहिलंस?"

त्याने काय लिहिलं होतं ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. 'किनाऱ्यावरील एका चर्चमध्ये मूळ मसुद्यात नसलेले एक वाक्य परंपरेने वाचले जाते.' एवढंच. वाक्य लिहिलं तेव्हा त्याला ते फार संयत आणि विद्वत्तेचं वाटलं होतं. आता बहिणीच्या ओट्यावर, चवळीच्या ताटलीसमोर, ते चोरासारखं वाटलं. तो ते बोलू शकला नाही. त्याऐवजी त्याने तिला ते सांगितलं जे तळटीपेत मावलं नव्हतं.

ओळ खोटी नव्हती, तो म्हणाला. ती दुसऱ्या कागदावरची होती. जाहीरनाम्यानंतर दोन वर्षांनी उत्तरेच्या सेनापतीने एक हुकूम काढला की हा सगळा किनारा, ही बेटं, नदीकाठचे हे सोडलेले भातमळे, मुक्त झालेल्या लोकांना वाटून द्यावेत. घरटी चाळीस एकरांपर्यंत. त्या अधिकाऱ्याने धक्क्यावर दोन्ही कागद एका दमात वाचले असणार. ऐकणाऱ्याला काय कळणार पहिला कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला? जुलैने दोन्ही एकत्र उचलले. घामाचे, लेकराबाळांचे शब्द मात्र त्याचे स्वतःचे. लष्करी हुकमात असले शब्द नसतात.

"म्हणजे दिली होती," ओडेसा म्हणाली. तिची बोटं ताटलीत थांबली होती. "खरंच दिली होती."

"दिली होती. ते वर्ष सरायच्या आत काढून घेतली. जाहीरनामा काढणारा राष्ट्राध्यक्ष गोळी लागून गेला, दुसरा आला. त्याने मळेवाल्यांना माफी दिली आणि जमिनी परत केल्या."

"मग ते वाचून दाखवायला कोण आलं होतं?"

एझ्राला हा प्रश्न कधी पडला नव्हता. चार पुस्तकं, शेकडो व्याख्यानं, आणि हा प्रश्न कधी पडला नव्हता. "दुसऱ्या एका बेटावर एक जनरल स्वतः गेला होता सांगायला," तो हळूहळू म्हणाला. "लोक रडले. इथे... इथे कोणी आल्याची नोंद नाही."

"देताना झाडाखाली वाचून दाखवलं. घेताना कोणी आलंच नाही."

"नाही."

"पण जुलैला कळलं होतं." ती आता त्याच्याकडे पाहत नव्हती, फितींकडे पाहत होती. "कोर्टात तो कागद बघितला ना मी. पैसे मोजून घेतली त्याने. आपलीच जमीन. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि तरी दर वर्षी तिथे उभा राहून ती ओळ म्हणत होता."

"लेकरांना कसं सांगायचं, म्हणून राहिलं असेल."

"हो. जुलैने गिळलं, आईने गिळलं, तू गिळलंस." तिने गळ्यावरची पांढरी पट्टी चाचपली. "माझ्याने आता गिळवत नाही रे. डॉक्टरने ते कामच ठेवलं नाही."

मग ती उठली, ताटली कडेवर घेतली आणि दारात थांबून म्हणाली, "आपल्यात माणूस गेलं की काय करतात? घंटा वाजवतात आणि एक जण घरोघर जाऊन सांगतो. सांगितल्याशिवाय माणूस गेला असं धरत नाहीत. कोणी त्याचं ताट वाढून ठेवतं, कोणी वाट बघत बसतं. ही ओळ दीडशे वर्षं होत आली, मेलीय आणि आपण तिचं ताट वाढतोय. पहिल्या तारखेला तू ती वाच, आणि मग ती गेल्याचं वाच. तो जमिनी परत करायचा हुकूम. नीट, सगळ्यांसमोर. जे सांगायला कोणी आलं नाही ते तू सांग."

*

गंमत अशी की आता एझ्रालाच ते नको होतं.

आयुष्यभर तो वर्गात टेबलावर बोट आपटून सांगत आला होता की कायदा जसा आहे तसा वाचा, तुम्हाला हवा तसा नको. आणि आता अंथरुणावर पडल्या पडल्या तो तीच ओळ छातीशी धरून होता. लहानपणी तो आईच्या शेजारी बसून ती ऐकायचा. आईचा सूर तिथे चढायचा, खालून सगळी मंडळी झील धरायची, आणि ओळ संपताच सगळं चर्च उठायचं. म्हातारे, पांगळे, तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या बाया. सगळे आपला उजवा पाय जमिनीवर एकदाच जोरात आपटायचे, आपल्या मातीवर पाय रोवावा तसा. त्या एका आघाताने खिडक्यांची तावदानं थरथरायची. चर्चची जमीन लाकडाची. प्रत्येक बाकापुढे एकेक खळगा पडला होता. एझ्राच्या पायाचाही त्यात होता.

त्याने या देशाचा कायदा खूप वाचला होता. आणि त्याला हळूहळू दिसू लागलं होतं की इथे देताना नेहमी ढोल वाजतात. मताचा हक्क दिला तेव्हा मिरवणुका निघाल्या. काढून घेतला तेव्हा मात्र एक कारकून मतदार नोंदणीच्या खिडकीत बसला. एझ्राच्या वडिलांना त्या कारकुनाने राज्यघटनेचं एक कलम वाचून अर्थ सांगायला लावला. वडिलांनी सांगितला, चोख सांगितला. कारकुनाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि खिडकी लावून जेवायला गेला. एवढंच झालं. त्याचा ढोल कोण वाजवणार? पाचव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण यावरच होतं, आणि ते सहा महिने अडून बसलं होतं.

पास्टर गेदर्स दुसऱ्या दिवशी आला. चाळिशीतला, दांडगा, गोड गळ्याचा माणूस. त्याचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. मधे कुठे बोलणं सरलं आणि सूर लागला ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही, एवढंच कळायचं की आपण रडतोय आणि बरं वाटतंय. देवाची कृपा असल्याशिवाय असा गळा मिळत नाही. ओडेसाने त्याला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे तो सगळ्यांचा रेव्हरंड असला तरी तिच्यासाठी अजून खोडकर पोरगाच होता.

"सिस्टर ओडेसा, हे करू नका," तो म्हणाला. टोपी त्याच्या हातात फिरत होती. "ज्यांचे गुडघे वर्षभर उठत नाहीत ते त्या ओळीला उठतात. तेवढंच उठतात. ते काढून मी त्यांना काय देऊ?"

"तू देवाचं दे. तुला त्याचा पगार आहे."

"पगार!" तो हसला. "दोन महिन्यांचा राहिलाय, तोही तुमच्याच कमिटीकडून."

"विषय बदलू नकोस, रेव्हरंड."

"प्रोफेसर, तुम्ही तरी सांगा ना."

एझ्राने सांगितलं. कोर्टातल्या कुठल्याही वकिलापेक्षा चांगली बाजू त्याने त्या स्वयंपाकघरात मांडली. तो म्हणाला की लोकांची आठवण हाही एक कायदा असतो. म्हणाला की सरकारने वचन मोडलं म्हणून ऐकणाऱ्यांनी ते विसरायलाच हवं असं नाही. कुठेतरी एका खोलीत तरी ते वचन जिवंत असू दे.

ओडेसाने कॉफी ओतली.

"छान बोललास. हे पुस्तकात लिही, तळाला नको." मग तिने कप त्याच्या हातात दिला आणि त्याचा हात सोडला नाही. "एझ्रा, मी त्या कोर्टात उभी राहिले. मला वाटलं माझ्या हातात बंदूक आहे. सगळ्यांसमोर मी ती काढली आणि ती लाकडाची निघाली. त्या माणसाने मला किती मऊपणे सांगितलं! आता उद्या खालच्या आळीतली बर्निस जाईल कोर्टात, तिच्या जमिनीवरही डोळा आहे त्यांचा. परवा अजून कोणी. त्यांच्याही हातात हीच देऊन पाठवू?"

पास्टरने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"त्यांना लाकडाची आहे हे माहीत असेल तर वकील करतील, मृत्युपत्र करतील, काही करतील. मी काही केलं नाही. माझ्याकडे ओळ होती."



*

पहिली तारीख उजाडली ती धुक्याची. चर्च भरलं होतं. सव्हानाहून, अटलांटाहून घरची माणसं आली होती. मंचावर नेहमीसारखा पाण्याचा ग्लास ठेवला होता, जाड काचेचा, काठाला निळी रेघ असलेला. जुलैच्या मुलीपासून प्रत्येक वाचणाऱ्याने त्यातलंच पाणी प्यायचं. ओडेसा पहिल्या बाकावर होती, पांढऱ्या पोशाखात, गळ्याला पांढरा रुमाल.

एझ्रा उभा राहिला. त्याच्या हातात दोन कागद होते, आणि या वेळी ते सरळ होते.

तो वाचू लागला. रुक्ष मजकूर तो, वकिलांनी लिहिलेला: अमुक राज्यं, तमुक परगणे, लष्कर आणि आरमार. पण या माणसांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या चाल लावली होती. 'मुक्त' शब्द आला की मागून कोणीतरी "हो प्रभू!" म्हणायचं, आणि ऑर्गनवाला एक सूर हळूच खाली सरकवायचा. एझ्राचा आवाज वर्गातला, कोरडा. पण त्या सुराने तो उचलला, आणि त्याला कळलंही नाही, तो आईच्या चालीत गेला.

मग ती ओळ आली.

"आणि ज्या मातीत यांनी घाम गाळला," एझ्रा म्हणाला, आणि सगळ्यांनी झील धरली, "ती माती यांची!"

"यांची!"

"आणि यांच्या लेकराबाळांची!"

"लेकराबाळांची!"

"कायमची."

सगळे उठले. सगळे पाय पडले. जमीन हलली, ग्लासातलं पाणी हललं. ओडेसाचाही पाय पडला, त्याने पाहिलं.

इथे वाचणारा "आमेन" म्हणायचा आणि मंडळी बसायची. एझ्रा आमेन म्हणाला नाही. त्याने दुसरा कागद वर घेतला.

"अजून एक वाचायचं राहिलंय," तो म्हणाला. "फार वर्षांपासून राहिलंय. ही ओळ त्या जाहीरनाम्यातली नाही. ती दुसऱ्या एका हुकमाची, आणि खरी होती. तो हुकूम रद्द झाला. हे सांगायला इथे कोणीतरी यायला हवं होतं. कोणी आलं नाही. म्हणून मी आलोय."

आणि त्याने वाचलं. माफी मिळालेल्या मालकांना त्यांच्या जमिनी परत कराव्यात. ज्यांना तिथे वसवलं होतं त्यांनी मालकाशी मजुरीचा करार करावा, नाहीतर जागा सोडावी. उभं पीक काढून न्यायची मुभा आहे.

पीक काढून न्यायची मुभा आहे, तिथे त्याचा आवाज फुटला. त्याने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले, कारण पहिल्यांदा ते ऐकू गेले नव्हते.

चर्चमध्ये कोणी हललं नाही. सगळे उभेच होते. त्या ओळीला उठायचं कसं हे सगळ्यांना माहीत होतं. हे ऐकल्यावर बसायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. मागे एक मूल म्हणालं, "मम्मी, बसू?" आणि आईने त्याचा हात दाबला. बर्निस बाकाची पाठ धरून उभी होती. पास्टर गेदर्सचं तोंड उघडं होतं आणि त्यातून, त्या सोन्याच्या गळ्यातून, काही येत नव्हतं.

मग ओडेसा बसली.

सावकाश, बाकाचा काठ चाचपत, एखाद्याच्या उशाशी बसावं तशी. तिच्यामागची रांग बसली. मग त्यामागची. लाकूड करकरत करकरत शेवटच्या बाकापर्यंत गेलं आणि थांबलं.

पास्टरने घंटेच्या दोरीशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून मान हलवली. घंटा पडली, माणूस गेल्यावर पडते तशी, एकेक, मधे मोठं अंतर सोडून. आणि त्या अंतरात पास्टरला सूर सापडला. शब्द नव्हते. नुसता हुंकार होता, तळातून आलेला. त्याला बायांनी झील धरली, मग पुरुषांनी, आणि ते आर्त गाणं, ज्याला कोणी चाल दिली नव्हती, घंटेच्या सोबतीने कितीतरी वेळ चाललं. त्यात रडणं होतंच. पण प्रभूच्या दारात जे रडणं होतं त्याला खाली जमीन असते, पडता पडता माणूस कुठेतरी टेकतो. एझ्राला टेकायला मिळालं नाही. तो कागद हातात धरून उभा राहिला. आपण काही खोटं वाचलेलं नाही, एवढंच तो स्वतःला सांगत होता, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

*

बाहेर टेबलांवर चवळीभात आणि पालेभाजी वाढली जात होती. नेहमीसारखा गलका नव्हता. काही जण एझ्राचा हात हातात घेऊन गेले, काही त्याला टाळून गेले. एक म्हातारा त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बापाचं बरं झालं, तो आधीच गेला." मग ताटली घेऊन निघून गेला. पलीकडे बर्निस पास्टरला विचारत होती, सव्हानातला तो वकील रविवारी घरी असतो का.

ओडेसाने एझ्राला गाडी काढायला सांगितली. तिच्या पर्समध्ये काहीतरी जड होतं.

मंगिनांच्या जमिनीच्या तोंडाशी आता साखळी होती. तिच्या अलीकडे ती उतरली. पर्समधून मंचावरचा ग्लास काढला. इकडे माणूस पुरला की त्याने शेवटचं ज्यातून पाणी प्यायलं ते भांडं तळ फोडून कबरीवर ठेवतात, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या कामी येत नाही. तिने रस्त्यावरचा एक दगड उचलला. पहिल्या घावाला ग्लास फुटला नाही.

"दे इकडे," एझ्रा म्हणाला.

"राहू दे. मला येतं."

दुसऱ्या घावाला तळ निघाला. तिने ग्लास साखळीच्या खांबाशी, ओल्या मातीत, निळी रेघ वर करून रोवला. मग खांबाला धरून उभी राहिली. आत झाडांवर फिती होत्या, त्यापलीकडे धुकं होतं, धुक्यापलीकडे पाणी असणार. तिला थंडी वाजत होती. त्याने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला.

"टिटा," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी वाचणाऱ्याने पाणी कशातून प्यायचं?"

ओडेसाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पुढच्या वर्षी घसा कोरडा पडणार नाही," ती फुसफुसली. "ती ओळ गेल्यावर आता वाचायला आहेच किती."